भारंगीवरची पाखरं

गडब गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू मला एरवी आवडतात. पण त्यांनी रानातून आणून लावलेली भारंगी फुलली की माझ्या पोटात दुखायला लागतं. फुलपाखरं, भुंगे, सगळी वर्दळ तिथेच. काकू कंबरेवर हात ठेवून प्रत्येकाला विचारतात, "आलंस? बस हां."

माझ्या भारंगीची कोवळी पानं दरवर्षी भाजीत जातात, मग ती फुलणार कधी? यंदा मी घरात कुणाला एक पान तोडू दिलं नाही. फुलली! फुलपाखरंही आली. काकूंना मुद्दाम बोलावून दाखवलं.

त्या कौतुकाने हसल्या. "माझीच हायत गो ती. फिरू देत, सांजंला घरला येतील."

संध्याकाळी मी जाऊन पाहिलं. माझ्या झाडावर एकही नव्हतं. त्यांच्या अंगणाकडे मी बघितलंच नाही.