मिशा हलेपर्यंत

धाकट्या जावेला प्रयोगशाळेत मीच चिकटवलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

आमचं काम उंदरांचं. डांग्या खोकल्याची लस सुईऐवजी नाकातून देता येते का, ते पाहायचं. उंदराला जरा गुंगी द्यायची, उताणं धरायचं आणि नाकपुडीवर थेंब सोडायचा. एकोणीस वर्षं तो थेंब माझा. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई पाहुण्यांना सांगायच्या, "यांच्यासारखा हात नाही." आता उंदरांची शेवटची तुकडी होती. तिचे डोस एकाच हाताने द्यायचे ठरलं, म्हणून आधी दोघींनी वीस-वीस उंदरांना लस द्यायची, मग त्यांना खोकल्याचे जंतू देऊन कुणाची लस टिकते ते तपासायचं. मला काय, मी निर्धास्त.

ही बया कमालीची संथ. माझे वीस होईतो हिचे आठ! घरीही तेच. हिची भाजी चिरून होते तोवर माझा स्वयंपाक उरकलेला असतो. तरी सासूबाई म्हणणार, "धाकटीच्या हाताला चव आहे." अंगाचा नुसता तिळपापड होतो.

निकाल आला. माझ्या उंदरांची फुप्फुसं स्वच्छ, पण नाकात जंतू तसेच. तिच्या उंदरांची नाकंही स्वच्छ.

"नाकात जंतू राहिले तर खोकला पसरतच राहणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमचा थेंब गाढ गुंगीत थेट फुप्फुसात उतरतोय, नाकात थांबतच नाही. शेवटची तुकडी जाऊबाई करतील."

माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? ती हसलीसुद्धा नाही, त्याचाही राग आला.

हात धुताना मी फणकारले, "कुठून शिकलीस गं हे?"

ती बावरली. "अहो ताई, पहिल्या दिवशी तुम्हीच नाही का सांगितलंत? गुंगी उतरून मिशा हलेपर्यंत थांबायचं, मगच थेंब सोडायचा."

सांगितलं होतं खरं. थांबायचं मी कधी सोडलं, तेच आठवेना. तासात वीस उरकल्याची फुशारकी मारता मारता कधीतरी सुटलं असेल. या बयेने निदान तोरा तरी मिरवायचा, म्हणजे मला सुखाने जळता आलं असतं!

दुसऱ्या दिवशी उंदीर तिच्या हातात, पिंजरा माझ्या. मी टक लावून बसले होते. मिशा हलल्या, त्या तिच्याआधी मला दिसल्या. "सोड" म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिचा थेंब पडलाही होता.