सरांचे दोन थेंब

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या औषधांच्या लॅबचे सर म्हणजे दीडशहाणेच. दसऱ्याला एचपीएलसी मशीनला झेंडूचा हार घालणार, कुंकू लावणार, आणि बाकी वर्षभर त्याच मशीनची वाट लावणार. हे मशीन गोळीतली द्रव्यं वेगळी करतं आणि स्क्रीनवर एकेकाचा उंचवटा काढून दाखवतं. त्याला आम्ही पीक म्हणतो. मशीनमधून वाहणारं बफर-मिथेनॉलचं मिश्रण बिघडलं की दोन पीक एकमेकांना चिकटतात आणि अख्खा दिवस फुकट जातो.

पद्धत साधी होती. आधी पाण्यातल्या बफरचा, म्हणजे क्षार विरघळवलेल्या पाण्याचा, पीएच साडेचार करायचा, मग मिथेनॉल ओतायचं आणि पुन्हा मीटरच्या वाटेला जायचं नाही. मीटर जुळवलेला असतो पाण्यातल्या बफरवर. मिथेनॉल पडलं की तो पाचच्या वर आकडा दाखवतो, आणि तो आकडा साडेचाराशी ताडून बघायचाच नसतो. पण आमच्या सरांना कोण सांगणार! बाटलीवर साडेचार लिहिलंय ना, मग बाटलीत साडेचारच दिसलं पाहिजे. दहाला आले रे आले की तयार बाटलीत मीटरचा इलेक्ट्रोड बुचकळायचे आणि ॲसिडचे दोन थेंब टाकायचे. मग आणखी दोन. आकडा जुळला की असा चेहरा करायचे, जसा काही गड सर केलाय. कप्पाळ!

मिश्रण बिघडतं ते या थेंबांनीच, हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. मी चारकोपलाच राहते, लॅब चालत दहा मिनिटांवर. साडेआठला येऊन बाटली बनवायची आणि मशीनला लावून मोकळं व्हायचं. चालू मशीनला हात लावायची सरांची छाती नव्हती. त्यामुळे माझे पीक कायम झकास.

मग एक नवी मुलगी लागली. सहा महिने प्रोबेशन, नंतर कायम. घरात कमावती ती एकटीच. मानखुर्दहून यायची, पोचेपर्यंत साडेनऊ वाजायचे, आणि तिची बाटली तयार होते न होते तोच सर हजर. तिचे पीक रोज चिकटायचे.

"हात नाही हिला," सर माझ्यासमोर म्हणायचे. तिला म्हणायचे, "ताईकडून शीक जरा." आणि मी, मी काय करायचे? गालातल्या गालात हसायचे. ती बिचारी काचेची भांडी तीन-तीनदा धुवायची, क्षार पुन्हा पुन्हा तोलायची. चूक आपलीच, असं तिने पक्कं धरलं होतं.

सहा महिने संपले. 'कायम करता येत नाही' असं पत्र तिच्या हातात पडलं. कपाट रिकामं करून ती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, एक विचारू? बाटली मी तुझ्यासारखीच बनवते ना गं. मग माझंच असं का होतं?"

सर काचेपलीकडे चहा पीत होते. त्यांना काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. पण तिला सांगितलं असतं आणि ती सरांकडे गेली असती, तर माझं साडेआठचं गुपितही बाहेर आलं असतं.

"सवयीने जमेल गं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. ॲप्रनची नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवली, आणि मला थँक्यू म्हणाली.