हवा निवळेपर्यंत

माझ्या फोल्डरमध्ये शेजारच्या आजोबांना न्यायची यादी अजून आहे. व्हीलचेअर, गोळ्या, जाड पांघरूण, सूपचा थर्मास, वाटेत थांबायच्या दोन जागा, हवामान. इंग्लंडमध्ये, स्लाऊ गावातल्या एका गोदामात ट्रकांचं वेळापत्रक लावणं हे माझं काम. एका म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून दोन तास उत्तरेला न्यायचं, यात अवघड ते काय, असं मला वाटलं होतं.

आजोबा नव्वदीच्या पुढचे, मूळ अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धात ते वाहतूक विमानावर वायरलेस सांभाळायचे. पुढे इथल्या मुलीशी लग्न करून इथलेच झाले. ती गेल्यावर एकटेच राहायचे. मरायच्या आधी एकदा त्यांना आपल्या जुन्या धावपट्टीवर जायचं होतं. आता तिथे शेत आहे.

कारण होतं एक पत्र. त्यांच्या विमानातून पोलिश छत्रीधारी सैनिक हॉलंडमध्ये उतरणार होते. सैनिक छत्र्या बांधून तयार व्हायचे, विमानात चढून तासन्‌तास बसायचे आणि धुकं हटलं नाही की पुन्हा खाली उतरायचे. त्यांतला एक जण चढताना घरच्यांना लिहिलेलं पत्र आजोबांच्या हातात द्यायचा. परत आलो नाही तर पोस्टात टाक, म्हणायचा. उड्डाण रद्द झालं की हात पुढे करून ते मागून घ्यायचा. दोन दिवस असंच झालं. तिसऱ्या दिवशी विमान उडालं आणि त्यानं उडी मारली.

"मग टाकलंत का पत्र?" मी विचारलं होतं.

"लगेच नाही. वाटायचं, मागायला येईल. दोन्ही वेळा आला होता ना. टाकलं तोवर वर्ष उलटलं होतं. ते त्याचं घरच उरलं नव्हतं. पत्र माझ्याकडे परत आलं."

जिथे हातात घेतलं तिथेच ते मातीत ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्या शनिवारी पाऊस होता. मी जाणं रद्द केलं.

"अगं, आजोबांना नेतेयस की द्राक्षं एक्स्पोर्ट करतेयस?" नवरा म्हणाला. "छत्री घे आणि नीघ."

"चिखलात व्हीलचेअर तू ढकलणारेस का?"

तो पुन्हा फोनमध्ये बघू लागला. मला बरं वाटलं.

दुसऱ्या शनिवारी वारा फार होता. आजोबांनी गाडीशी येऊन पत्र माझ्याकडे दिलं होतं, फोल्डरमध्ये नीट राहील म्हणून. मी नाही म्हटल्यावर हात पुढे करून परत घेतलं.

"आमचा हवामान अधिकारी तुझ्यापेक्षा मवाळ होता," ते हसत म्हणाले.

तिसऱ्या शनिवारी मोटरवेवर धुकं. मी गेले तेव्हा ते कोटाची सगळी बटणं लावून, बूट घालून दारातल्या खुर्चीत बसले होते. पत्र त्यांनी आधीच माझ्या हातात ठेवलं. मी धुक्याचं सांगितलं. या वेळी त्यांनी हात पुढे केला नाही.

"राहू दे तुझ्याकडे. पुढच्या शनिवारी जायचंच आहे."

अकरा वाजता लख्ख ऊन पडलं. निघता आलं असतं. मी चादरी धुवायला टाकल्या, कारण रिकामा झालेला दिवस वाया घालवायची मला सवय नाही.

बुधवारी त्यांना स्ट्रोक आला.

पुढच्या शनिवारी मी हॉस्पिटलमध्ये गेले. सोबत स्वच्छ पायजमे, चार्जर, चष्मा, सगळं यादीप्रमाणे. नर्स म्हणाली, आता यांना हलवता येणार नाही. त्यांचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. खिडकी त्यांच्या डोक्यामागे होती आणि तिच्याबाहेर स्वच्छ ऊन होतं.

"हवा कशी आहे?" त्यांनी विचारलं. शब्द कळायला मला दोनदा ऐकावं लागलं.

"धुकं आहे," मी म्हणाले. "आजचं रद्द झालंय."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या चालत्या हाताची बोटं हळूहळू उघडली आणि तळवा माझ्यासमोर आला.

पत्र घरी होतं, फोल्डरमध्ये. मी त्या हातात माझा हात ठेवला. त्यांनी तो बाजूला सारला आणि तळवा पुन्हा पुढे केला.