कंपायलर नसलेली लॅब

अन्याय माझ्या धाकट्या बहिणीवर झाला. या वर्षी मे महिन्यात, सी प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी, भर दुपारी. तिचा गुन्हा एकच: लॅबमधल्या कॉम्प्युटरवर कंपायलर नाही, हे तिनं परीक्षकासमोर खरं सांगितलं.

कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात आणणारं सॉफ्टवेअर. ते नसेल तर सीची परीक्षा घेणं म्हणजे गॅस न देता पोळ्या लाटून भाजून दाखव म्हणणं. तिच्या कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले, त्यांवर लिनक्स आलं, कंपायलर कुणी टाकलाच नाही. वर्षभर कुणाचं अडलंही नाही, कारण तिथली रीतच तशी आहे. सीनियरची प्रॅक्टिकल फाइल मिळवायची, त्यातल्या आउटपुटची झेरॉक्स काढायची, आपल्या फाइलीत चिकटवायची आणि लॅब घेणाऱ्या मॅडमची सही घ्यायची. वर्गातल्या साऱ्यांनी तेच केलं. हिनं प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर स्वतः लिहिले, आउटपुटची जागा कोरी सोडली. म्हणे, चालवूनच दाखवीन.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ती कोरी जागा पाहिली आणि म्हणाले, दाखव. स्क्रीनवर उत्तर आलं की gcc, म्हणजे सीचा कंपायलर, सापडत नाही. मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बाकी सबका तो आउटपुट आया है." परीक्षकांनी शून्य लिहायला पेन उचललं. बहीण हटली नाही. शेवटी ते म्हणाले, मी चारबाग स्टेशनवर गाडी पकडायला निघेपर्यंत स्वतःच्या मशीनवर चालवून दाखव, नाहीतर नापास. नापास म्हणजे ट्रेनिंगसाठी मिळालेली जागा गेली, हे तिला माहीत होतं आणि मॅडमनाही.

तिचा फोन आला तेव्हा मी आलमबागला घरी आमच्या मोर्च्याचं पत्रक लिहीत बसले होते. बाबा रेल्वेत इंजिनिअर, ते ड्युटीवर. लॅपटॉप उचलला, मेट्रो धरली, पुढे ई-रिक्षा केली आणि विकास नगरला तिच्या कॉलेजात पोहोचले. वाटेत भांडणाची पूर्ण तयारी केली होती. लॅबच्या दारातच तिनं लॅपटॉप हातातून घेतला आणि म्हणाली, "ताई, भाषण नंतर. हॉटस्पॉट दे."

तेव्हा मला कळलं की गेल्याच आठवड्यात डिस्क बदलून त्यावर नवं लिनक्स टाकलेलं होतं. तिचे प्रोग्राम त्यावर परत ठेवले होते, पण कंपायलर याच्यावरही नव्हता. ती शांत होती. लिनक्सवर एक पॅकेज मॅनेजर असतो. एक आज्ञा दिली की हवं ते सॉफ्टवेअर तो ठरलेल्या भांडारातून उतरवतो, त्याला लागणाऱ्या बाकीच्या गोष्टीही आणतो आणि बसवतो. तिनं टाइप केलं: sudo apt install build-essential. या build-essential मध्येच कंपायलर येतो. पासवर्ड दिला.

आणि ते अडलं. नेट मिळताच लॅपटॉपनं आपले राहिलेले अपडेट आपणहून सुरू केले होते आणि एका वेळी एकालाच काम करू देणारं कुलूप त्यांच्या हातात होतं. स्क्रीनवर ‘थांबलो आहे’ अशा अर्थाची ओळ, पुढे सेकंद वाढताहेत. आत परीक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधत होते.

मी माझ्या फोनवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, कुलपाची फाइल उडवा, काम होतं. मी म्हटलं, उडव. आमच्या मोर्च्यात बंद गेट दिसलं की आम्ही हलवूनच बघतो, तीच सवय.

"नाही," ती म्हणाली. "आत कोणीतरी काम करतंय. अर्धवट तोडलं तर सगळंच बिघडेल. रुक ना, यार."

मॅडम दारात येऊन म्हणाल्या, सर निघतायत बेटा, अगले साल दे देना. बहिणीनं मान वर केली नाही. मी बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझं मनगट धरलं. माझ्या फोनची बॅटरी लाल झाली होती आणि हॉटस्पॉट त्याच्यावरच.

परीक्षकांनी बॅग खांद्याला लावली, तेव्हा कुलूप सुटलं. डाउनलोड सुरू झालं, मध्येच अडखळलं, पुन्हा सरकलं. एकामागून एक पॅकेज उलगडत गेलं. ती लॅपटॉप उघडाच हातात धरून कॉरिडॉरमध्ये त्यांच्यासमोर उभी राहिली. "सर, बस एक मिनट." प्रोग्राम कंपाइल केला. एकही चूक नाही. चालवून एक संख्या दिली. उत्तर आलं. परीक्षकांनी मग दुसरी संख्या द्यायला सांगितली. तेही बरोबर आलं.

त्यांनी शून्य लिहिलं नाही. उभ्याउभ्याच मार्क दिले, पास होण्यापुरते, आणि निघून गेले.

बहिणीनं मॅडमना विचारलं, लॅबच्या मशीनवरही टाकून देऊ का? त्या म्हणाल्या, पासवर्ड कॉम्प्युटर बसवून गेलेल्या ठेकेदाराकडे आहे. वर्षभर तो त्याच्याकडेच होता. झेरॉक्स चिकटवणाऱ्यांना हिच्यापेक्षा जास्त मार्क पडले आणि पुढच्या बॅचची परीक्षा त्याच मशीनवर होणार आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. उद्या तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जा. टर्मिनल उघडा, gcc --version टाइप करा. सापडत नाही असं उत्तर आलं, तर त्याचा फोटो काढा, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा आणि कंपायलर बसेपर्यंत तिथून उठू नका. आणि तुमच्या फाइलीत दुसऱ्याचं आउटपुट चिकटवलेलं असेल, तर ते आजच फाडा.