वाचलेला पेशंट

"मी मरी गऊ," असं म्हणून आबा कॉटवर उठून बसायचे आणि चहा मागायचे.

आमच्या जळगावच्या नर्सिंग कॉलेजात सरावासाठी एक खोली आहे. कॉट, सलाइनचा स्टँड, ऑक्सिजनचा सिलिंडर, सगळं खऱ्या वॉर्डासारखं. पेशंट तेवढा खोटा, म्हणजे आबा. मेडिकलचा एक मुलगा डॉक्टर व्हायचा, आम्ही तिघी नर्स. चौघांनी मिळून त्यांना वाचवायचं, आणि मॅडम काचेमागून बघणार.

आबा चोपड्याचे. आयुष्यभर केळी कापणाऱ्या टोळीत होते. गुडघे गेल्यावर हे काम धरलं आणि त्यात त्यांनी जीव ओतला. मॅडम सांगायच्या, "आबा, छातीत दुखतंय, एवढंच." आबा तांब्यातलं पाणी कपाळावर शिंपडून यायचे. घाम दिसला पाहिजे ना! मग कण्हता कण्हता म्हशीला चारा कोण टाकेल तेही विचारायचे. एकदा आमच्यातल्या एकीने ते केसपेपरवर लिहूनही घेतलं होतं.

आमचा पहिला सराव मला आठवतो. डॉक्टर ओरडला, "कोणीतरी ऑक्सिजन आणा!" तिघीही धावलो. आम्ही तिघी आहोत हे डॉक्टरला पुरेसं वाटलं नाही बहुतेक, तोही आला. सिलिंडर घेऊन चौघं दारात अडकलो. नंतर मॅडमनी विचारलं, "तेव्हा पेशंटजवळ कोण होतं?"

आबांनी हात वर केला. "मीच."

चहा पिताना ते आम्हाला समजावायचे. केळीच्या बागेत कापणारा आधी "धर" म्हणतो. खालचा "धरला" म्हणतो. मगच कोयता चालतो. नाहीतर घड मानेवर. "तुमनं उलटं शे," ते म्हणायचे. "कोयता पहिले, बोलनं मांगून."

माझं तर मागूनही बोलणं व्हायचं नाही. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं मात्र घरून पक्कं शिकून आले होते. डॉक्टर झालेला मुलगा माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, पण गळ्यात स्टेथोस्कोप होता. मी चूक बघायचे, "सर..." म्हणायचे, आणि पुढचं पोटात राहायचं. माझ्यामुळे आबा सात-आठ वेळा तरी गेले असतील.

"माय, तू कोनसंगे बोलनी? भिंतसंगे?" ते विचारायचे. रागावून नाही. मेलेल्या माणसाने रागावून काय करायचं, असा एकूण भाव.

शेवटी मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "परीक्षेच्या सरावात तुझा आवाज निघाला नाही, तर तुला बॅचबरोबर वॉर्डला पाठवणार नाही. तिथे पेशंट उठून चहा मागत नाहीत." घरी मात्र सगळ्यांना वाटत होतं की मी पुढच्या महिन्यापासून खऱ्या पेशंटना बघणार. आईने तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

परीक्षेच्या दिवशी माहिती विचारायचं काम माझ्याकडे आलं. आबा हळूच म्हणाले की एका इंजेक्शननं मागे त्यांचं तोंड सुजलं होतं. नावही सांगितलं. मी लिहून घेतलं. वर बघते तर डॉक्टरच्या हातात तेच इंजेक्शन.

"सर..."

त्याची पाठ माझ्याकडे. सिरिंजला सुई नव्हती, आत नुसतं पाणी होतं, हे मला माहीत होतं. तरी मी एक पाऊल पुढे टाकलं. आबा एक डोळा मिटून, एक उघडा ठेवून माझ्याकडे बघत होते. मरायची तयारी दिसत होती.

"थांबा! आबांना ते चालत नाही!"

आवाज इतका मोठा निघाला की मीच दचकले. बाहेर झाडणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर थांबला. "हे चालत नाही," त्याने माझंच वाक्य परत म्हटलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि दुसरं औषध मागितलं. वेळ संपल्याची बेल वाजली.

आबा पडूनच होते. थोड्या वेळाने घाबरून म्हणाले, "मॅडम, आते मी काय करू?" आमच्या बॅचकडून वाचल्यावर काय करायचं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"घरी जा आबा," मॅडम हसत म्हणाल्या. "डिस्चार्ज."

पुढच्या महिन्यात मी वॉर्डला गेले. इकडे कॉलेजने रबरी पुतळा आणला. तो श्वास घेतो, त्याची नाडी लागते. म्हशीचं काही विचारत नाही. आबा परत आले नाहीत.

मला ते शेवटचे दिसले ते त्या परीक्षेच्या संध्याकाळी, चोपड्याच्या बसमध्ये. हातावरची सलाइनची पट्टी काढायची राहून गेली होती. ती बघून एका बाईने त्यांना खिडकीची जागा दिली. माझं घरही त्याच वाटेवर, मी दोन सीट मागे होते.

"काय झालं होतं बाबा?" कंडक्टरने विचारलं.

"छातीमा दुखे," आबा बारीक आवाजात म्हणाले. "डॉक्टर चुकीनं इंजेक्शन दी ऱ्हायंता. एक नर्सनी थांबाडं, म्हनून मी वाचनू."

"कोणती हो नर्स?" त्या बाईने विचारलं.

आबांनी मान न वळवता पट्टीचा हात मागे केला. सगळी बस माझ्याकडे बघायला लागली, आणि मी खिडकीबाहेरच्या केळीकडे बघत राहिले.