डाव्या हाताचा वारा

प्रताप नगरात पियानो शिकवणारे एक म्हातारे मास्तर मला चाळिशीत सापडले. तोवर जन्मभर मी भजनात पेटीच वाजवली होती. पहिल्याच दिवशी उजवा हात पट्ट्यांवर टेकला आणि डावा आपोआप हवेतच भाता मारू लागला. डोक्यावर ओला दुपट्टा घेतलेले मास्तर ते बघत होते.

"पियानोले हवा नाही लागत, भाऊ. मले लागते," म्हणत त्यांनी माझ्या डाव्या हातात विणलेला पंखा दिला.

उन्हाळाभर मी एका हाताने सूर वाजवले, दुसऱ्याने मास्तरांना वारा घातला. गारवा आल्यावर त्यांनी पंखा खुंटीला टांगला आणि माझा डावा हात उचलून पट्ट्यांवर ठेवला. हात गुमान पडून राहिला.

मास्तर वैतागले, "आता काहून थांबला हा? हलवा ना!"