भीतीला तिची वेळ शिकवणाऱ्या बाई

डॉ. यशोधराबाईंची आणि माझी पहिली भेट माझ्या दुकानात झाली, आणि त्या रागातच आल्या होत्या. चामोर्शीत माझं पंखे, पंप, रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. बाईंनी रक्तदाब मोजायची पाऱ्याची दोन यंत्रं काउंटरवर ठेवली आणि ही दोन्ही खोटं सांगतात म्हणाल्या. चामोर्शीपासून जवळच, जंगलाला लागून असलेल्या आमच्याच गावात त्यांनी शिबिर घेतलं होतं आणि तिथे बायकांचा दाब, अगदी तरुण बायकांचासुद्धा, जास्तच येत होता. मी आधी दोन्हीकडचा पारा शून्यावर आहे का ते पाहिलं, मग एकाच रबरी नळीने दोन्ही यंत्रं जोडून हवा भरली. पारा दोन्हीकडे सारखा चढला, सारखा उतरला. यंत्रांत दोष नव्हता. बाई यंत्रं पिशवीत भरत म्हणाल्या, "म्हणजे मलाच परत जावं लागेल."

त्या परत गेल्या. तेव्हापासून जातच आहेत. पंचाहत्तरी आली तरी एका जागी बसणं त्यांना जमलेलं नाही, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणून बसलो तर मलाही जमेना. चार ओळी लिहितो, उठतो, दारापर्यंत जाऊन येतो.

मी नववीत शाळा सोडली. तरीही या लेखात शरीराबद्दल जे लिहीन ते नीट वाचून, तपासून लिहीन. बाईंच्या कपाटातली पुस्तकं मी वाचली आहेत, आणि जे पान समजलं नाही ते त्यांच्यासमोर उघडून बसलो आहे. त्यांनी कधी "तुला कशाला हवं?" असं म्हटलं नाही. उलट चुकीचं समजून घेतलं की फार रागवायच्या. अर्धवट माहिती त्यांना अज्ञानापेक्षा जास्त खटकते. हा गुण मी त्यांच्याकडून घेतला, आणि माझ्या गिऱ्हाइकांना तो आवडत नाही.

बाईंचा जन्म वडशाचा. वडील धानाच्या गिरणीत हमाल होते. शिकून डॉक्टर झाल्यावर नागपुरात राहता आलं असतं, पण त्या इकडे आल्या. हे बहुतेकांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ती त्यांची सुरुवातीची फजिती, जी त्या स्वतःच हसत सांगतात. ताण म्हणजे काय हे समजावण्यासाठी पुस्तकांत नेहमी एक दाखला असतो: समजा, तुमच्यासमोर वाघ आला. बाईंनी आमच्या गावात तोच दिला. बायका एकदम सावरून बसल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, "कोणता बाई? नाल्याकडचा का पहाडीवरची वाघीण?" दुसरीने विचारलं, कोणी पाहिला, आजच का? अर्धी सभा पोरं घरात आहेत का ते बघायला उठून गेली.

त्या दिवशी आपण काय चुकलो ते बाईंना कळलं. शहरात वाघ हा दाखला असतो. आमच्याकडे तो खरोखरच असतो. म्हणून त्यांनी समजावण्याची रीत उलटी केली. आधी बायकांनाच विचारलं, डरकाळी ऐकली की अंगात काय काय होतं? तोंड सुकतं. छाती धडधडते. पोट गोळा होतं. पाय पळायला बघतात. मग बाईंनी सांगितलं, हे सगळं शरीर जाणूनबुजून करतं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या ग्रंथी असतात, त्या अ‍ॅड्रेनलिन सोडतात. रक्त मांड्यांकडे धावतं, साखर रक्तात उतरते, पचन थांबतं. मागोमाग कॉर्टिसॉल येतं आणि ही तयारी टिकवून धरतं. वाघ गेला की सगळं शांत व्हायला हवं. ते शांतच झालं नाही, महिनोन्‌महिने तसंच राहिलं, तर झोप जाते, दाब चढा राहू लागतो, साखर बिघडते. ज्या यंत्रांना त्या खोटं म्हणाल्या होत्या, ती हेच सांगत होती.

आता माझ्या वहिनींची, थोरल्या दादांच्या बायकोची, गोष्ट. ती लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, आणि वहिनींनी लिहायला हो म्हटलं आहे.

आमच्याकडे मोहाच्या दिवसांत बायका पहाटेच फुलं वेचायला जातात. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली असतात. जिचं झाड तिने वेचायचं, त्यामुळे एकत्र निघालेल्या बायका जंगलात पोचल्या की पांगतात, आणि वाकून, खाली मान घालून वेचत राहतात. एका साली तिथेच शेजारच्या पार्वताबाईंना वाघाने नेलं. कौसल्या वहिनी पलीकडच्या झाडाखाली होत्या. त्यांनी पाहिलं.

त्यानंतर वहिनी घराबाहेर पडेनात. आधी जंगल सुटलं, मग वावर, मग हातपंप, शेवटी अंगणसुद्धा. भांडं पडलं तरी दचकायच्या. खाल्लेलं अंगी लागेना. हात असे बारीक झाले की बांगड्या कोपरापर्यंत सरकत. पुजाऱ्याचं झालं, उतारे झाले. छातीत कळ येते म्हणायच्या, म्हणून दादांनी हृदयाचाच आजार ठरवून टाकला. वहिनी जगतात की नाही, या एका काळजीत आमचं घर होतं.

बाईंनी पहिल्यांदा शरीर तपासलं. हृदयाचा आलेख, साखर, थायरॉइड. मनाचं आहे असं तपासणीआधी म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. हृदय ठीक निघालं. मग जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे त्या वहिनींना स्वतः घेऊन गेल्या. तिथल्या गोळ्या सुरू झाल्या. आणि दर आठवड्याला बाई आमच्या घरी यायला लागल्या. यायच्या आणि वहिनींशेजारी बसायच्या. आधी आतल्या खोलीत, पुढे उंबऱ्यापाशी, पुढे अंगणात. श्वास हळू सोडायला शिकवायच्या, घेण्यापेक्षा सोडणं लांब. दादा वैतागायचे, "सुई नाई, सलाईन नाई, नुसती बसून राह्यते. असं त मीबी बसलो असतो." बाई आतून म्हणाल्या, "बसा ना मग. कोण नाही म्हणतं?" दादा बसले नाहीत, पण चहा मात्र ठेवला.

वहिनींनी विचारलं होतं, ही भीती खोटी आहे का? बाई म्हणाल्या, "भीती खरी आहे. फक्त तिची वेळ चुकते. जंगलात यायची ती स्वयंपाकघरात येते." वाघ नाही, काही होत नाही, असली समजूत त्यांनी एकदाही काढली नाही. आमच्या गावात ते खोटं ठरलं असतं.

वहिनी हातपंपापर्यंत जाऊ लागल्यावर बाईंनी विचारलं, झाडाखाली नेमकं कशाचं भ्या वाटतं? वहिनी म्हणाल्या, "वाघाचं नाई बाई तेवढं. मांगं कोणी नाई, याचं वाटते."

हे वाक्य बाईंनी वहिनींना विचारून बायकांच्या बैठकीत मांडलं. उपाय त्यांनी सांगितला नाही, तो बायकांनीच काढला. सगळ्यांनी मिळून एकेका झाडाखाली जायचं, काहींनी वेचायचं, काहींनी त्यांच्या मागे ताठ उभं राहून मोठ्याने बोलत राहायचं, आणि जिचं झाड तिचा वाटा मोठा. गावात यावरून बरंच वाजलं. आमचं झाड भरपूर गळतं, त्यामुळे दादाच आडवे आले. आपला मोह दुसरीच्या टोपल्यात काऊन जाईल, म्हणाले. तेव्हा कित्येक महिन्यांनी वहिनींचा आवाज घराबाहेर ऐकू गेला.

"मंग तुमीच जा एकटे."

दादा गेले नाहीत. पुढच्या हंगामात वहिनी गेल्या.

काही जण सत्काराच्या भाषणात म्हणतात, बाईंनी कौसल्याबाईंना पूर्ण बरं केलं. हे बरोबर नाही, आणि बाईंनाही ते आवडत नाही. वहिनी आजही कधी रात्री दचकतात. फरक एवढाच की आता त्या जेवतात, झोपतात, बाजाराला जातात, आणि मोहाला जातात. पहिल्यांदा जंगलातून परतल्या त्या दिवशी बाई अंगणात वाट पाहत होत्या. त्यांनी नाडी धरली, आणि अजून फार जोरात चालली आहे म्हणाल्या. वहिनींनी हात सोडवून घेतला.

"राहू द्या बाई. तेवढी नाई चालली त मी वापस कशी येईन?"

बाई हसल्या नाहीत. हो म्हणून मान हलवली आणि पाणी मागितलं.

हे गावातल्या घरी बसून लिहितो आहे तेव्हा मोहाचेच दिवस आहेत. बायका पहाटे गेल्या आहेत, ऊन वर आलं आहे आणि माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे आहे. बाईसुद्धा गावात कुणाच्या तरी अंगणात येऊन बसल्या असतील. वाट पाहणाऱ्यांत त्या नेहमी असतात. या जंगलाकाठच्या गावांत धडधडत्या छातीने परत येणाऱ्या प्रत्येकीला त्या अंगणात दिसत राहोत. त्यांचं स्वतःचं हृदय संथ चालो, झोप गाढ लागो, आणि आमच्यापैकी कोणी सांगितलं की बाई, आज घरी राहा, तर आयुष्यात एकदा तरी त्या ऐकोत.

बायकांचे आवाज येत आहेत. जाऊन बघतो.